मुलाचा संप आणि आईची चूल

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. लालबागला आमचं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे. तीन बायका लाटायला असतात, भाज्या मी करते. अ‍ॅपवरून दिवसाला तीनेक हजारांचा धंदा होतो, त्यातले शंभराला पंचवीस अ‍ॅपवाले कापून घेतात. माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. तो त्याच अ‍ॅपची डिलिव्हरी करतो. त्या पोरांनी आता युनियन काढली आहे आणि पुढच्या महिन्यात एका शनिवारी सगळे लॉगआउट करणार आहेत. मला म्हणतो, आई, त्या दिवशी तूही अ‍ॅप बंद ठेव. शनिवार माझा सगळ्यात मोठा दिवस! माझे सासरे गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. ब्याऐंशीच्या संपात घर धुऊन निघालं. ते गावी गेले ते परत आलेच नाहीत. युनियन शब्द निघाला की आमचे हे ताटावरून उठतात. त्यात आता माझ्या लाटणाऱ्या बायकासुद्धा आठवड्याची भरपगारी सुट्टी मागायला लागल्या आहेत. रोजचे पाचशे देते, तरी! सगळ्यांनाच युनियनचं वारं लागलंय. लोअर परळच्या एका ऑफिसला रोज चाळीस डबे देते, त्यांचं तीन महिन्यांचं बिल थकलंय ते वेगळंच. मुलाला कसं थांबवू?
– एक आई, लालबाग

वहिनी,

डिलाईल रोडच्या चाळीत माझ्या आईची खानावळ होती, म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दहा बाय बाराची खोली आणि चौदा जेवणारे, सगळे गिरणीतले. पहिल्या पाळीचे दुपारी यायचे, दुसऱ्या पाळीचे मध्यरात्री, आणि रातपाळीवाल्यांचे डबे आम्ही पोरं गेटवर नेऊन द्यायचो. आईची एक लांबट वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. पानावर माणसाचं नाव, त्याखाली गिरणी आणि गाव, मग जेवणाच्या रेघा. एका जेवणाला एक रेघ. पगाराला हिशेब झाला की त्या रेघांवर आडवी काट मारायची. १९८२ च्या जानेवारीनंतरच्या पानांवर रेघाच रेघा आहेत, काट नाही. मृग लागल्यावर रेघा विरळ होतात, कारण माणसं पेरणीला गावी गेली. काही पानं तिथेच थांबतात. आईने कधी भाकरी मोजून वाढली नव्हती. त्या वर्षी ती मोजायला लागली.

तेव्हा तुमचे यजमान ताटावरून का उठतात ते मला कळतं. तरीही मी सांगते, मुलाला थांबवू नका. मात्र त्याला नुसतं ‘जा’ म्हणूनही सोडू नका. मी पुढे बावीस वर्षं कामगारांच्या बाजूने कोर्टाचे कागद सांभाळले. त्यात जिंकलेले संप पाहिले, हरलेलेही पाहिले. हरलेल्यांत बहुतेक वेळा मागणी बरोबर होती, तयारी नव्हती.

आधी सासऱ्यांच्या संपाचं बोलू, कारण घरात त्याची गोष्ट अर्धीच सांगितली गेली असणार. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. साठहून अधिक गिरण्या थांबल्या. पगारवाढ हवी होती, बोनस हवा होता, वर्षानुवर्षं बदलीवर, म्हणजे दुसऱ्याच्या खाड्याच्या जागी, राबणाऱ्यांना कायम करून हवं होतं. पण खरी गाठ बसली होती ती कायद्यात. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे सबंध कापड धंद्यात एकाच मान्यताप्राप्त युनियनला मालकांशी बोलण्याचा हक्क होता, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता, म्हणून ते घाटकोपरला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या दारात गेले. आता बघा, ज्यांच्यामागे लाखो माणसं उभी होती त्यांच्याशी बोलायला मालक बांधील नव्हते, आणि ज्यांच्याशी बोलायला बांधील होते त्यांच्यामागे माणसंच नव्हती.

शिवाय मालकांना घाई नव्हती. गोदामात माल पडून होता. भिवंडीकडच्या यंत्रमागांवर कापड विणून घेता येत होतं. आणि जुन्या साच्यांच्या खाली परळ-वरळीची जमीन होती. पुढे शहराच्या बांधकामाच्या १९९१ च्या नियमावलीत त्या जमिनीचे तीन वाटे ठरले, एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. ज्या जागेत पोरांना खेळायला मैदान मिळायचं आणि कामगारांना घरं, तिथे आज काय उभं आहे ते तुम्हाला लालबागमध्ये राहून मी काय सांगावं! तुम्ही जिथे रोज चाळीस डबे पाठवता ते ऑफिससुद्धा कुठल्या तरी गिरणीच्याच आवारात असेल.

संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. तुमचे सासरे बुडाले, कारण समोरच्याला थांबायला परवडत होतं आणि त्यांना परवडत नव्हतं. आईच्या वहीतल्या चौदा जणांजवळ संपाचा निधी म्हणावा तर आईची उधारी तेवढी होती. तुमच्या यजमानांना हे एकदा शांतपणे सांगा. वडील चुकले, युनियनच्या नादी लागले, असं ते इतकी वर्षं मनात धरून बसले असतील तर त्या माणसावर तो मोठा अन्याय आहे. घरात गिरणीचा पास किंवा पगाराची चिठ्ठी असेल. ती नातवाला दाखवण्याचं काम त्यांचं आहे, तुमचं नव्हे.

आता मुलाचं.

त्याला कंपनी डिलिव्हरी पार्टनर म्हणते, तुम्हाला रेस्टॉरंट पार्टनर. एका घरात दोन भागीदार, आणि दर ठरवताना दोघांपैकी कोणालाही विचारलं जात नाही. फेरीचे पैसे कमी झाले तर ते त्याला सकाळी फोन उघडल्यावर कळतं. कापणी वाढली तर तुम्हाला हिशेबाच्या कागदावर कळतं. हे त्याला तुमच्याआधी दिसलं, म्हणून तो ‘आई, तूही बंद ठेव’ म्हणतोय. पोराचं डोकं ठिकाणावर आहे, वहिनी.

पण त्याची बाजू कच्ची कुठे आहे तेही त्याला माहीत हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ हा शब्द पहिल्यांदा कायद्यात आला. अ‍ॅप कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीतला १ ते २ टक्के वाटा या पोरांच्या सुरक्षेसाठी निधीत भरायचा, त्यांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, अशी तरतूद आहे. ही चांगली गोष्ट आहे. मात्र संप, कामावरून काढणं, वाटाघाटी हे सगळं ज्या औद्योगिक संबंध संहितेत येतं, तिथल्या ‘कामगार’ या व्याख्येत तो बसत नाही. गिरणीच्या माणसाला काढलं तर निदान कामगार न्यायालयाचं दार होतं. तुमच्या मुलाचा आयडी उद्या ब्लॉक झाला तर दाद मागण्याची वाट फार अरुंद आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी वेगळा कायदा केला, तो अशाच पोरांनी रस्त्यावर येऊन, निवेदनं देऊन, मंत्र्यांचे उंबरे झिजवून मिळवला.

म्हणून त्याला जेवायला वाढताना विचारा: त्या शनिवारी तुमच्या झोनमधली किती पोरं खरंच लॉगआउट करणार? बाकीच्यांना त्या दिवशी कंपनीने फेरीमागे जादा इन्सेंटिव्ह लावला तर किती टिकतील? भिवंडीच्या यंत्रमागाचं काम आता तो इन्सेंटिव्ह करतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या अ‍ॅप टॅक्सीच्या ड्रायव्हरांनी दहा दिवसांहून जास्त गाड्या थांबवल्या होत्या. त्या दिवसांत गाडीचा हप्ता थांबत नाही हे त्यांच्या बायकांना विचारावं. तुमच्या मुलाच्या बाइकचा हप्ता कोणत्या तारखेला आहे? एक शनिवार हा इशारा म्हणून ठीक आहे, त्याने कंपनी झुकणार नाही. दुसऱ्या शनिवारचं काय ठरलंय, हे युनियनवाल्यांना सांगता आलं पाहिजे.

आणि युनियन कोणती, ते बघा. नोंदणी क्रमांक आहे का, वर्गणीची छापील पावती मिळते का, हिशेब सभासदांसमोर वाचला जातो का, पदाधिकारी निवडून येतात की नेमले जातात. नोंदणीची खातरजमा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात करता येते. पावती नसेल तर एक रुपयाही देऊ नये. हे मी एवढं ठासून सांगते, कारण या शहरात युनियनच्या नावाखाली वसुली करणारेही आहेत. माथाडीच्या नावावर टेम्पो अडवून, माल न उचलता पैसे उकळणाऱ्यांनी किती छोट्या दुकानदारांना रडवलं! त्यांच्यामुळे खऱ्या माथाड्यांचं नाव खराब झालं, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण तुमच्या मुलाला वाट दाखवावी तर ती माथाड्यांनीच. मस्जिद बंदरच्या बाजारातला हमाल सकाळी एका पेढीची पोती उचलायचा, दुपारी दुसरीची. त्याचा मालक कोण, याला उत्तरच नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मंडळ नेमलं गेलं. हमालाची तिथे नोंद, व्यापाऱ्याचीही नोंद. व्यापारी मजुरी आणि वर ठरावीक टक्क्यांची वर्गणी, म्हणजे लेव्ही, मंडळात भरतो आणि मंडळ हमालाला पगार देतं. लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. एकच कायमचा मालक नसलेल्या माणसालाही कायद्याच्या छताखाली आणता येतं, हे मुंबईच्या हमालांनी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी करून दाखवलं. माझ्या मते डिलिव्हरीच्या पोरांनी नेटाने मागावं ते हेच: फेरीमागे लेव्ही, आणि आयडी बंद करण्याआधी म्हणणं ऐकून घेणारं मंडळ. तोवर त्याने ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंद करून ठेवावी. आधार कार्ड लागतं, पैसे लागत नाहीत. दर आठवड्याच्या कमाईचे स्क्रीनशॉटही दुसऱ्या फोनवर जपून ठेवावेत. आयडी गेला की त्यातला हिशेबही जातो.

तुमच्या शनिवारचं बोलू. पूर्ण दिवस बंद ठेवा असं मी म्हणणार नाही. तसंही पोरंच लॉगआउट झाली तर अ‍ॅपवरची भाजी तुमच्याकडे पडून राहील. त्या दिवशी अ‍ॅप बंद ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. आजपासून महिनाभर समोरच्या टॉवरमधल्या आणि चाळीतल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यांना विचारून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी भाजी काय ते टाका. शनिवारी येऊन नेणाऱ्याला अ‍ॅपपेक्षा दहा रुपये कमी. शंभराला पंचवीस वाचतात, त्यातले दहा गिऱ्हाइकाला दिले तरी पंधरा तुमच्या डब्यात. मात्र दर वेगळे ठेवण्याबद्दल अ‍ॅपच्या करारात काही अट आहे का, ते मुलाकडून आधी वाचून घ्या. लांबच्या पाच-सात घरांना मुलाचा एखादा मित्र रोख तीस-चाळीस रुपयांत डबे नेऊन देईल. पुढे रोजच हे थोडं थोडं वाढवा. अ‍ॅप सोडता येणार नाही हे मलाही दिसतंय, पण निम्म्याहून जास्त धंदा एकाच्या हातात राहिला की तो दर ठरवतो.

लालबाग-काळाचौकीत तुमच्यासारखी आणखी किती केंद्रं आहेत? त्यांच्याशी बोलला आहात का? मोठ्या हॉटेलवाल्यांच्या नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाने २०२१ मध्ये झोमॅटो आणि स्विगीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. त्यांच्याकडे वकील आहेत. तुमच्याकडे नाहीत, पण तुमच्या गल्लीचा इतिहास तुमच्या बाजूने आहे. १९७४ मध्ये गिरणी कामगारांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला, तेव्हा खानावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः सावकाराच्या दारात गेल्या. त्यानंतर १९७५ मध्ये कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकेकटीला दारात उभं न करणाऱ्या बँकांनी गटाला कर्ज दिलं. चूल चालवणाऱ्या बाईचीही संघटना होऊ शकते, हे याच वस्तीत घडलेलं आहे. तुम्ही चार-पाच जणी मिळून एक ऑर्डरचा नंबर, एक डबे पोचवणारा मुलगा ठेवू शकता. फक्त सगळ्यांनी मिळून भाव ठरवू नका, स्पर्धा कायद्याला ते चालत नाही.

आता तुमच्या लाटणाऱ्या बायकांविषयी, आणि इथे मी थोडी कडक बोलणार आहे.

तीन बायका, रोजचे पाचशे, महिन्याला चार सुट्ट्या. भरपगारी दिल्या तर सहा हजार रुपये होतात. अ‍ॅपवाले तुमच्या तीन हजारांतून रोज साडेसातशे कापतात, महिन्याचे झाले साडेबावीस हजार. तुमच्या पत्रात ‘तरी!’ मात्र त्या बायकांच्या वाट्याला आलं. कंपनीशी भांडता येत नाही आणि लाटणारी समोर बसलेली असते, म्हणून राग तिच्यावर निघतो. माझ्या आईचंही व्हायचं. पण लाटणारीचे खांदे, मनगटं सात दिवस चालत नाहीत हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत असणार? दुपारी दोनला पोळपाट उचलल्यावर ती बाई आधी डावा हात उजव्या खांद्यावर दाबते, बघा एकदा.

आठवड्याची सुट्टी ही या शहरात कोणी आपण होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना घेऊन सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. रविवार तुम्हाला सोडता येत नसेल तर सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तिघींना पाळीपाळीने द्या, त्या दिवशी धंदा तसाही मंदच असतो. सगळे सहा हजार एकदम जमत नसतील तर या महिन्यापासून दोन सुट्ट्या भरपगारी आणि दिवाळीपासून चारही, असं तिघींना समोर बसवून सांगा आणि वहीत लिहून ठेवा. रोज किती तास काम, त्याला पाचशे किमान वेतनात बसतात का, तेही एकदा तपासा. माणसं तीन असली म्हणून किमान वेतन चुकत नाही, आणि त्यातला विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैला बदलतो. मुलगा कंपनीकडे जे मागतोय तेच या बायका तुमच्याकडे मागताहेत. त्याला पाठिंबा आणि यांना नकार, असं एका घरात चालणार नाही, पोरगंच विचारील.

राहिलं ऑफिसचं बिल, आणि ते आजच हातात घ्या. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आहे का? नसेल तर आज करा, ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. नोंदणी नव्याने करत असाल तर जुन्या बिलांना हे लागेलच असं धरून चालू नका, पण पुढच्यांना लागेल. शिवाय २०२४ पासून आयकरात नियम आहे की लहान उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च दाखवून कर वाचवता येत नाही. त्यामुळे ऑफिसच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या मुलीला विनवण्या करू नका, तिच्या हातात काही नसतं. हिशेब खात्याच्या प्रमुखाच्या नावाने एका पानाचं पत्र लिहा. महिनावार डबे, रक्कम, बिलाची तारीख, आणि खाली तुमचा उद्यम क्रमांक. त्यातच लिहा की पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर या कायद्याखाली तक्रार करीन. पत्राची पोच घ्या, देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती वहीला टाचून ठेवा.